रस्त्याकडेने फायबर टाकण्याची परवानगी : माझा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात मी इंटरनेट सेवा पुरवण्याचा छोटा व्यवसाय करतो. या भागात खांबांवरून ओढलेली केबल पावसाळ्यात तग धरत नाही. एक फांदी मोडून पडली की पुढची सगळी गावे बंद पडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळा, पतसंस्था आणि सेवा केंद्रे यांची कामे अडून राहतात. म्हणून डोंगराकडच्या गावांपर्यंत ऑप्टिकल फायबर जमिनीखालून न्यायचे असे ठरवून 2023 च्या दिवाळीनंतर मी रस्त्याच्या कडेने खोदाई करण्याच्या परवानगीच्या मागे लागलो.

परवानगी मागायची कोणाकडे, हाच पहिला आणि सगळ्यात वेळखाऊ प्रश्न होता. प्रवाशाला जो एकच सलग रस्ता दिसतो, त्याचे कागदोपत्री अनेक मालक असतात. आमच्या मार्गाचा शहरातला तुकडा नगरपंचायतीचा, पुढचा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, फाट्यापासूनचा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा, गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची, आणि मध्ये एका ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग ओलांडायचा होता. त्यातच ग्रामीण मार्गाचा काही भाग प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून नुकताच झालेला होता. या योजनेत रस्ता पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी त्याच ठेकेदारावर असते, त्यामुळे खोदाईनंतर रस्ता खचला तर दुरुस्ती कोणी करायची, हे आधी लेखी ठरल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. मी किलोमीटरच्या दगडांवरून मोजमाप घेत संपूर्ण मार्ग पायी फिरलो आणि कुठून कुठपर्यंत कोणाची हद्द, उजवी बाजू की डावी, मोरी कुठे, वळण कुठे, याचा नकाशा तयार केला. पुढे प्रत्येक कार्यालयात हाच नकाशा कामी आला.

तेव्हा केंद्र सरकारचे 2016 चे मार्गाधिकार नियम, म्हणजे दूरसंचार केबल टाकण्यासाठी जागा वापरू देण्याचे नियम, लागू होते. त्यांनुसार अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यावा लागे, प्रशासकीय शुल्क किलोमीटरला 1000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नसे आणि अर्ज नाकारायचा असेल तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून कारणे नोंदवावी लागत. मुदतीत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानण्याचीही त्यात तरतूद होती. अर्ज ऑनलाइन करण्यासाठी मे 2022 पासून गतिशक्ती संचार पोर्टल सुरू झाले होते. नियम चांगले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही मुदत संपल्याच्या आधारावर खोदाई सुरू करण्याचा विचार आम्ही केला नाही. कार्यकारी अभियंत्यांच्या सहीचा आदेश हातात नसेल, तर रस्त्यावर यंत्र उभे राहताच काम बंद पाडले जाते, आणि थांबलेल्या यंत्राचे भाडे छोट्या व्यावसायिकाला झेपत नाही.

खर्चाचा मोठा भाग रस्ता पूर्ववत करून देण्याच्या रकमेचा आणि त्यासाठीच्या बँक गॅरंटीचा असतो. ही रक्कम पृष्ठभागानुसार बदलते. डांबरी भाग महाग, मुरुमाची साईडपट्टी त्यापेक्षा स्वस्त. म्हणून संयुक्त पाहणीच्या वेळी मी शाखा अभियंत्यांना म्हटले, “साहेब, आम्ही गटाराच्या पलीकडून, हद्दीच्या कडेने जातो, साईडपट्टीला हात लावत नाही.” त्यांनी टेप धरून अंतर पाहिले आणि विचारले, “मोरीपाशी काय करणार? तिथे पलीकडे जागाच नाही.” मोऱ्यांच्या ठिकाणी उघडी खोदाई न करता तळाखालून आडवे बोरिंग करून पाईप न्यायचा, असे जागेवरच ठरले आणि तसा उल्लेख पाहणी अहवालात आला. महामार्गाच्या बाबतीत तर पर्यायच नव्हता : केबल शक्यतो काटकोनात, केसिंग पाईपमधून (संरक्षक बाहेरच्या पाईपमधून) आणि रस्त्याच्या पृष्ठभागापासून किमान 1.2 मीटर खालून न्यावी लागते. छेद दाखवणारे स्वतंत्र रेखाचित्र जोडल्यावर तो अर्ज बाकीच्यांच्या मानाने सरळ गेला.

ग्रामपंचायतीकडून ना हरकत ठराव मिळवताना मात्र वेगळी आणि अगदी रास्त काळजी समोर आली. जलजीवन मिशनची नवी जलवाहिनी नुकतीच टाकलेली होती आणि ती फुटेल अशी भीती सरपंचांनी सभेत बोलून दाखवली. खोदाईपूर्वी भूमिगत सुविधांच्या मालकांना कळवण्यासाठी केंद्राने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आहे आणि आम्ही त्यावर नोंदही केली. पण गावातल्या नळाच्या वाहिन्या त्यात आढळल्या नाहीत. त्या ठाऊक होत्या गावात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांना. त्यांना सोबत घेऊन आम्ही गावठाणाच्या टोकापासून निघालो, ते थांबत, पायाने जागा दाखवत आणि म्हणत, “इथं जुनी लाइन आडवी जाती, व्हॉल्व्ह दगडाखाली हाय.” आमचा माणूस मागून फक्कीने रेघ मारत होता. प्रत्येक रेघेपाशी यंत्र न लावता कुदळीने हाताने खोदण्याची लेखी हमी आम्ही दिली आणि ठराव मंजूर झाला.

आदेशांमध्ये एक अट समान होती : पावसाळ्यापूर्वी खोदाई आणि भराई दोन्ही संपवायची. साध्या जमिनीत 1.65 मीटर खोलीचा चर निघत होता, परंतु जांभ्याचा थर लागला की काम रेंगाळे. अशा ठिकाणी कमी खोलीवर पाईप टाकून त्यावर काँक्रीटचे आवरण देण्यास अभियंत्यांची मान्यता घेतली आणि त्या जागा अंतिम नकाशात वेगळ्या दाखवल्या, कारण उद्या रस्ता रुंद होताना तिथल्या यंत्रचालकाला ते कळायला हवे. भराई थराथराने, पाणी मारून आणि दाबून केली. तरीही पहिल्या जोरदार पावसात काही ठिकाणी चर खचला. तिथे लगेच मुरूम टाकला आणि दुरुस्तीआधीची व नंतरची छायाचित्रे किलोमीटर क्रमांकासह कार्यालयात आवक करून घेतली. पावसाळा संपल्यावर पुन्हा पाहणी झाली तेव्हा हीच छायाचित्रे फाईलला लागलेली होती. बँक गॅरंटी मात्र दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामात दोष निघाल्यास तो दुरुस्त करण्याची जबाबदारी आमच्यावर असते तो काळ, संपल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे ती रक्कम अडकून राहणार, हे व्यवसायाच्या हिशेबात आधीच धरावे लागते.

1 जानेवारी 2025 पासून दूरसंचार अधिनियम 2023 खालचे नवे मार्गाधिकार नियम लागू झाले आहेत आणि पुढच्या खोऱ्यातल्या गावांसाठी अर्ज त्यांनुसारच करायचा आहे. त्यासाठीच्या मार्गाची पायी पाहणी पूर्ण झाली असून हद्दींचा नकाशा काढण्याचे काम सध्या चालू आहे.