नंबर सांगा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका खासगी हॉस्पिटलात मी ईसीएचएसच्या डेस्कवर बसते. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची 2003 पासूनची आरोग्य योजना. फौजी पेशंट बहुतेक सकाळीच येतात, पॉलिक्लिनिकचं, म्हणजे योजनेच्या दवाखान्याचं, रेफरल आणि झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत क्रमाने लावून. त्या जुलैतल्या शनिवारी मात्र मी बदली म्हणून रात्रीच्या ॲडमिशन काउंटरला होते.

साडेअकराच्या सुमारास घणसोलीहून एकजण वडिलांना घेऊन आला. व्हीलचेअर, घामाने चिंब बनियन, मूठ छातीवर. आधी घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं होतं. तिथे 12,000 भरून घेतले, ईसीजी काढला आणि मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाले. मुलाच्या हातात नोटांचं पाकीट. "आधी किती भरू?"

सिस्टर बीपी घेत होत्या, मी फॉर्म भरत होते. मोबाइलच्या रकान्यापाशी आले आणि सवयीने म्हटलं, "बाबा, नंबर सांगा."

त्यांनी डोळे न उघडता सात आकडे म्हटले, शेवटी एक इंग्रजी अक्षर. मग, "हवालदार," आणि पुढे स्वतःचं नाव.

माझा पेन थांबला. "तुम्ही फौजी? मग कार्ड?"

मुलगा गप्प. बाबाच पुटपुटले, "कार्ड नको काढू, बेड नाही म्हणतील."

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या वेळी एका हॉस्पिटलात तसंच झालं होतं. कार्ड दाखवलं आणि बेड नव्हता, शेजारच्या खिडकीवर रोख भरणाऱ्याला होता. खोटं बोलत नव्हते ते. ईसीएचएसची बिलं महिनोन् महिने अडकतात, त्यात कापाकापी होते, म्हणून आमच्याकडेही वरून 'जरा बघून घ्या' असं सुचवलं जातं. बिल अडकतं हे खरं. पण त्याचा राग खिडकीवर उभ्या माणसावर काढायचा, हे मला पटलेलं नाही. फुकट थोडंच आहे? निवृत्त होताना वर्गणी कापून घेतात, आजच्या हवालदाराचे 30,000 जातात.

"पैसे आत ठेवा," मी मुलाला म्हटलं. "इमर्जन्सीला रेफरल लागत नाही. पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या हॉस्पिटलने आधी दाखल करायचं आणि पॉलिक्लिनिकला ऑनलाइन कळवायचं. ते काम माझं."

"कुलाब्याला, अश्विनीला न्यायला हवं होतं का?" तो अजून त्यातच होता. नौदलाचं हॉस्पिटल चांगलंच आहे, पण भर पावसात, असा ईसीजी घेऊन घणसोलीहून कुलाबा? पॅनेल आहे ते याचसाठी.

कार्ड बनियनच्या आतल्या खिशातून निघालं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, ओलं. म्हणजे घरून घेऊनच आले होते. बाराच्या आत बाबा कॅथलॅबमध्ये होते. एक स्टेंट पडला. स्टेंटच्या पाकिटावरचा स्टिकर मी स्वतः मागून घेतला, कारण तो बिलाला जोडला नाही तर क्लेम परत येतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.

रविवारी सकाळी मुलाला त्या 12,000 बद्दल सांगितलं. नर्सिंग होम पॅनेलवर नाही, तेव्हा तिथेही नेलं होतं हे 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा, मूळ पावत्या आणि ईसीजी सांभाळा. मिळतील ते सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दराने, म्हणजे पूर्ण नाहीत. तो म्हणाला, "ताई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

मंगळवारी सकाळी डिस्चार्ज. अंतिम बिलावर पेशंटची सही लागते. बहुतेक जण बोट दाखवलं तिथे सही करतात. बाबांनी चष्मा मागितला आणि बाकावर बसून एकेक ओळ वाचू लागले. खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता.

"मॅडम, मुक्काम चार दिवस लिहिलाय. मी तीन रात्री होतो."

"बाबा, पॅकेज आहे. पैशात काही फरक पडत नाही."

"मग चौथ्या रात्री कोण झोपलं?"

मी बिल पुन्हा छापून आणलं. त्यांनी तेही पहिल्या ओळीपासून वाचलं.