पद्मिनी आणि आठशे

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी दोन जुन्या गाड्या आहेत, 1981 सालची प्रीमियर पद्मिनी आणि 1987 सालची मारुती 800. आरसी बुकांवर त्यांच्यात अवघ्या सहा वर्षांचे अंतर दिसते. प्रत्यक्षात पद्मिनी म्हणजे फियाटने 1962 मध्ये इटलीत आणलेली 1100 डी, जी पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात किरकोळ फेरफारांनिशी वर्षानुवर्षे तयार होत राहिली. आमची आठशे मात्र सुझुकीच्या 1984 सालच्या आल्टोवर बेतलेली आहे. दोन्ही गाड्यांच्या जडणघडणीत असा दोन दशकांहून अधिक काळ उभा आहे, आणि ओंकारेश्वराहून परतताना भेरूघाटाच्या चढावर तो लगेच जाणवतो.

पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे, तर आठशेचे तीन सिलिंडरांचे 796 सीसीचे. ताकद जवळपास सारखीच. परंतु आठशे सुमारे पाव टनाने हलकी असल्यामुळे चढावर तिची दमछाक कमी होते. पद्मिनीत गिअरची दांडी स्टीअरिंगला, आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची साखळी. त्या सांध्यांमधले बुश (आतली छोटी नळकांडी) झिजले की गिअर मध्येच अडकतो, आणि मग बॉनेट उघडून सळ्या हाताने हलवाव्या लागतात. वैशाखात इंजिनाच्या इंधनपंपातल्या पेट्रोलची वाफ झाली तर गाडी बंद पडते आणि पंपावर ओले फडके ठेवून सावलीत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. आठशेने चालकाला असल्या कसरतींतून बरेचसे मोकळे केले, आणि माझ्या मते तिचे खरे कर्तृत्व स्वस्ताईपेक्षा यातच आहे.

तरीही एका बाबतीत मी पद्मिनीचीच बाजू घेईन. तिला मागची चाके ढकलतात, त्यामुळे मागे तिघे बसले की चढावरची पकड उलट वाढते. पुढच्या चाकांनी ओढणारी आठशे पूर्ण भरली की भार मागे सरकतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी पुन्हा हलवताना तिची पुढची चाके जागीच फिरू लागतात. शिवाय पद्मिनीची बैठक उंच आणि सरळ असल्यामुळे चतुर्थीला खजराण्याच्या गणपतीला निघताना गुडघेदुखीने त्रासलेली आमची आत्या तिच्यातच बसते. (आठशेतून उतरायला तिला दोघांचा हात लागतो.)

एक गाडी विकायची वेळ आलीच, तर घरातल्या तरुणांचा रोष पत्करून मी आठशे विकीन. तिच्यासारखी दुसरी आजही सहज मिळते.