न बोकड, न बोल्हाई

काल दुपारी फ्रीझरमध्ये ओलं खोबरं शोधत होतो. खोबरं मिळालं नाही, पण मटारच्या पिशव्यांखाली पांढऱ्या कागदातलं एक पुडकं हाताला लागलं. वर बायकोच्या अक्षरात तीन शब्द: खांदा. ऑक्टोबर. माझं.

पहिले दोन ठीक. इथे अमेरिकेत, आमच्या वायोमिंग राज्यातल्या लॅरमीत घरोघरी फ्रीझरमधल्या पुडक्यांवर काय आहे आणि कधीचं आहे, ते लिहितातच. तिसऱ्या शब्दापाशी मी दार उघडं ठेवून उभा राहिलो. शेवटी फ्रीझरच ओरडायला लागला.

मटण म्हटलं की मला अजून शिरूरचा रविवार दिसतो. अण्णांच्या हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, आणि मागे मी. आमच्याकडे बोल्हाईचंच, म्हणजे मेंढीचं. बोकडाचं घरात येत नसे आणि का येत नाही, हेही कुणी विचारत नसे. दुकानावर ठळक पाटी होती, तरी अण्णा दर रविवारी विचारायचे, “बोल्हाईचंच ना?” आणि खाटीक दर रविवारी दुखावल्यासारखं तोंड करायचा. मग अण्णांची गाडी सुरू. “मागच्या मांडीचं दे. चरबी नको. दोन नळ्या टाक. अरे, तो तुकडा नको, त्याच्या बाजूचा.” मला ते शिक्षण वाटायचं. हातात सुरी असलेल्या माणसाला ते कसं वाटत असेल, हा विचार डोक्यात यायला पुढे तीस वर्षं लागली.

आई त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. रस्सा दर रविवारी तिचाच. डबा उघडायची, आत बघायची आणि म्हणायची, “आज हाडंच घातलीत वाटतं.” अण्णांना ते लागायचं. पुढच्या रविवारी खाटकाला चार सूचना जास्त.

तर ऑक्टोबर.

आमच्याकडे ज्याला सगळे अँटिलोप म्हणतात, तो अँटिलोप नव्हे. पुस्तकातलं नाव प्राँगहॉर्न. पिकअपमध्ये बसणारी मंडळी त्याला नुसतं ‘गोट’ म्हणतात, लाडात आली की ‘स्पीड गोट’. पण ती बकरीही नव्हे. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेत क्लार्कनं १४ सप्टेंबर १८०४ ला एक नर मारला, तेव्हा त्यानंही रोजनिशीत त्याचा बोकडच करून टाकला. शिंगं बघावीत तर आत हाड आणि वर खोळ, आणि ती खोळ दरवर्षी गळून नवी येते. असलं ना हरणात, ना शेळीत. आज हयात असलेले त्याचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे जिराफ आणि ओकापी. वायोमिंगमध्ये हा प्राणी जितका आहे तितका जगात दुसरीकडे कुठे नाही. ऑफिसला जाताना रस्त्याच्या कडेला दिसतो, आपल्याकडे म्हशी दिसाव्यात तसा.

मी शिकारीला लागलो तो शेजारच्या निवृत्त आजोबांमुळे. त्याआधी बंदुकीशी माझा संबंध जत्रेतल्या फुग्यांपुरता. शाळेच्या सहलीत रेहेकुरीला काळवीट पाहिले होते, तेही दुरून. सहा वर्षं मी एकटाच जात होतो, आणि खरं सांगायचं तर एकटं जाणं मला आवडायचं. मागच्या वर्षी बायको म्हणाली, “यंदा मी पण.” ती मालवणची. मासळीबाजारात तिच्यापुढे कुणी शिळी सुरमई सरकवून दाखवावी.

इथे १ जानेवारी १९६६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. तिनं तो कोर्स केला आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, हे तिनं फक्त एकदाच सांगितलं. जूनमध्ये सोडतीत तिला मादीचं लायसन्स लागलं. अंगावर भडक नारिंगी काहीतरी घालावं लागतं, २०१७ पासून भडक गुलाबीही चालतं. मी हौसेनं तिच्यासाठी गुलाबी टोपी आणली. ती तिनं बागेतल्या बुजगावण्याला घातली आणि माझी नारिंगी घेतली.

पहाटे चारला निघालो. बॉसलर, रॉक रिव्हर, मेडिसिन बो, आणि तिथून उत्तरेला शर्ली बेसिन. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीचे रोल, पुडीत भडंग. वाटेत मी बोलत होतो. वारा कुठून घ्यायचा, श्वास कधी सोडायचा, खांद्यामागे किती बोटं नेम धरायचा, कुठली जमीन सरकारी आणि कुठली कुणा रँचवाल्याची. रॉक रिव्हरपर्यंत ती हूं हूं म्हणाली. त्यानंतर भडंगाची पुडी तिनं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली.

या प्राण्यापासून लपणं अशक्यच. माळ उघडाबोडका, सेजब्रशची झुडपं गुडघ्याएवढी, आणि त्याचे डोळे असे की मैलभरावर तुम्ही नाक खाजवलंत तरी त्याला कळतं. म्हणून सरपटायचं. सरपटताना जमिनीलगत पसरलेला निवडुंग दिसत नाही, कोपराला मात्र लगेच कळतो. पुढे मी, मागे ती, असे आम्ही अर्धा तास सरपटलो आणि चौदा जणांच्या कळपापासून दोनशे यार्डांवर पोचलो. तिनं रायफल दोन पायांच्या टेकूवर ठेवली.

“थांब,” मी कुजबुजलो. “ती डावीकडची. नाही, तिच्यामागे पिल्लू आहे. तिसरी. अगं ती नको, तिच्या बाजूची. आता नको. आता–”

चौदाच्या चौदा पांढरे पार्श्वभाग फुलले आणि कळप सुटला. हे जनावर ताशी ८५-९० किलोमीटरनं धावतं. त्यात धडपड नसते, जमिनीवरून कुणी कापड ओढत न्यावं तसं ते दिसतं. पुढे तारेचं कुंपण आलं. इतका वेग असून हे उडी म्हणून मारत नाहीत. एकेक जण थांबला, वाकला, खालच्या तारेखालून पलीकडे गेला आणि पुन्हा सुटला.

आम्ही तिथेच बसून एकमेकांच्या कोपरांतले काटे काढले. अवघडलेपणा जावा म्हणून मी माहिती सांगायला घेतली. आज इथे असं एकही श्वापद नाही की जे पळून यांना गाठेल. लांडगा नाही, कोल्हा नाही. मग इतका वेग कशाला? जाणकार म्हणतात, पूर्वी या खंडावर चित्त्यासारखं एक जनावर होतं, बारा हजार वर्षांपूर्वी ते संपलं. हे अजून त्याच्यापुढे पळतायत.

तिनं काटा उन्हात धरून पाहिला.

“अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली,” ती म्हणाली. “पाकिटावर लँब लिहिलेलं असतं, तरी तू त्या काउंटरवरच्या पोराला विचारतोस, नक्की मेंढीचंच ना म्हणून.”

मी काही बोललो नाही. विचारतो खरा.

दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “तू इथेच बस.” चढावाच्या आड मला बसवून ती एकटी गेली. मी दुर्बिणीतून पाहत होतो. नारिंगी ठिपका सेजब्रशमधून इंच इंच सरकत होता. एकदा थांबला तो दहा मिनिटं थांबला. मी तिकडे कुणालाही ऐकू न जाणारं “आता, आता” म्हणत होतो. तिनं आतामध्ये काही केलं नाही. मग वारा पडला, इथे क्वचित पडतो, आणि एक मादी आडवी उभी राहिली. आधी ती दचकलेली दिसली, मग आवाज आला. वीस-पंचवीस पावलं गेली आणि बसली.

मी पोचलो तेव्हा बायको तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती. एक हात मानेवर. त्यांचे केस जाड आणि पोकळ असतात, हात लावला की बोटांना चिकटून येतात. सेजब्रशचा उग्र वास. आणि ते डोळे, जनावराच्या मानानं फार मोठे, लांब पापण्यांचे. अशा वेळी म्हणायला मी काहीतरी योजून ठेवलं होतं, आजोबा मला म्हणाले होते तसं. ते ओठावर आलं नाही. बरंच झालं.

“सुरी दे,” ती म्हणाली.

लायसन्सच्या कुपनावर तारीख आणि महिना कापला, सही केली. दुपार तापायच्या आत कातडं उतरवून मांस बर्फात गेलं पाहिजे, नाहीतर पुढे लोक म्हणत बसतात की अँटिलोपला वास येतो. तिनं बाह्या वर केल्या. “सुरमईसारखंच आहे रे, फक्त मोठं.” मी एक पाय धरून उभा होतो. मध्येच “इथून नको, जरा–” एवढं माझ्या तोंडून गेलं. तिनं मान वर करून पाहिलं. मी पाय नीट धरला.

रात्री आईला फोन केला.

“शेळीतलं का मेंढीतलं?” तिचा पहिला प्रश्न.

“दोन्ही नाही गं. जिराफाकडचं.”

ती जरा थांबली. “मग चालेल. जिराफाचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.” आणि मग, “तिला बरोबर नेलंस?”

“हो.”

“तिथपर्यंत?”

“तिथपर्यंत म्हणजे काय, तिनंच मारलं. तिनंच कापलं.”

“म्हणजे कुठलं घ्यायचं ते तिनं ठरवलं.”

“हो.”

पलीकडे शिरूरच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. “मी विचारलं होतं एकदा यांना,” आई म्हणाली. “तिथे बायका येत नाहीत म्हणाले.” मग तिनं वाटणात खसखस घालणार आहेस का, ते विचारलं.

फ्रीझर दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, “दार लाव, आणि खोबरं दाराच्याच कप्प्यात आहे.”

खोबरं तिथेच होतं. पुडकं मी होतं तसं मटारखाली ठेवून दिलं. यंदाचे अर्ज भरायची वेळ आली आहे. दोघांचा मिळून एकच गट करायचा की वेगवेगळे भरायचे, हे तिला विचारायचं आहे. विचारीन, सावकाश.