नाकाने कांदे सोलणारीचं नाक गेलं तेव्हा

त्या रात्रीची माझी चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे. पेन्सिलीने, गिचमिड अक्षरात लिहिलंय: "सूप पाणचट. मीठ घातलं तर खारट पाणी झालं, चव काही आली नाही. मासा म्हणजे ओला कापूस. इथे पुन्हा पाय ठेवणार नाही." बाकीच्या पाच चिठ्ठ्यांवर त्याच सूपचं कौतुक होतं. एकाने तर वाटी बोटाने पुसून खाल्ल्याचं कबूल केलं होतं.

आम्ही सहा जण. महिन्यातून एकदा आसपासच्या एखाद्या हॉटेलात जेवायला जातो. जागा पाळीपाळीने निवडायची आणि बिल यायच्या आत प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून टेबलावर उलटं ठेवायचं. तोवर जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा नियम दादांचा. ते आमच्यात वयाने मोठे. पहिला माणूस "वा!" म्हणाला की दुसऱ्याची जीभही आपोआप "वा!" म्हणायला लागते, असं त्यांचं म्हणणं. मला तो नियम जाचक वाटायचा, पण त्यामागे तथ्य आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात समोर काढलेल्या साध्या रेघांची लांबी सांगायची होती. आधीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की जवळजवळ एक तृतीयांश वेळा पुढचा माणूसही तेच चुकीचं उत्तर द्यायचा. डोळ्यांसमोरच्या रेघेची ही गत, तिथे सूपचं काय घेऊन बसलात!

तर पाच विरुद्ध एक. असं झाल्यावर शहाण्या माणसाने थोडं थांबावं. मी उलट खूश झाले. नाकाने कांदे सोलणारी अशी या कंपूत माझी ख्याती होतीच, त्यात पाच जणांना जे कळलं नाही ते मला कळलं, असा माझा समज झाला. पुढचे आठ दिवस मी जो भेटेल त्याला त्या हॉटेलबद्दल ऐकवत होते. ओळखीच्या दोन कुटुंबांनी तिथे जायचा बेत माझ्यामुळे रद्द केला. हे आठवलं की अजून कानकोंडं होतं.

मग एका सकाळी दूध करपलं. शेगडीपासून दोन हातांवर मी भाजी चिरत उभी होते आणि आतल्या खोलीतून नवरा धावत आला. "अगं, वास येत नाही का तुला?" त्याने आपलं रागाने विचारायचं म्हणून विचारलं. मी पातेल्याकडे पाहिलं. तळाशी काळा थर, वर धूर. आणि मला खरंच काहीही येत नव्हतं.

पुढचा अर्धा तास मी घरभर हुंगत फिरले. कॉफीचा डबा, साबणाची वडी, लसूण, फिनेल, नवऱ्याचे बूट. सगळं कोरं. दोन आठवड्यांपूर्वी ताप आणि सर्दी येऊन गेली होती. नाक वाहायचं थांबलं, श्वास मोकळा झाला, म्हणून मी बरी झाले असं धरून चालले होते. त्या सूपच्या रात्री मी नाकाशिवाय जेवले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं. मांस वाढलेलं नव्हतं, अडथळा नव्हता. "विषाणूने वासाची यंत्रणा दुखावली आहे," त्या म्हणाल्या. मी त्यांना सूपची गोष्ट सांगितली. त्यांनी ड्रॉवरमधून फळाच्या स्वादाची एक गोळी काढली आणि माझ्याऐवजी बरोबर आलेल्या नवऱ्याच्या हातावर ठेवली. "नाक चिमटीत धरा आणि चघळा. काय लागतंय?" तो म्हणाला, "गोड. जरा आंबट." "आता नाक सोडा." त्याचे डोळे एकदम मोठे झाले. "संत्रं!"

माझ्याकडे त्या घटकेला होतं ते फक्त चिमटीतल्या नाकाचं जग. जिभेला मूळ चवी पाचच कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्शाला किंवा मशरूमला असते तशी भरीव चव. ही पाचवी किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली ओळखली. संत्र्याचं संत्रंपण, माशाचं मासेपण, भाजलेल्याचा खमंगपणा हे सगळं चघळताना घशामागून नाकात चढतं आणि आपण त्याचं श्रेय बिनदिक्कत जिभेला देऊन टाकतो. मीठ घातल्यावर सूप खारट झालं पण चवदार झालं नाही, त्याचं कारण हे. माझ्या चिठ्ठीत लक्षण अगदी नेमकं लिहिलेलं होतं, फक्त रोगी मी होते.

औषध असं काही नव्हतं. होता तो व्यायाम. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने 2009 साली मांडलेली पद्धत: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, 12 आठवडे तरी. फुलाचा एक, फळाचा एक, मसाल्याचा एक, राळेच्या जातीचा एक. "हमी नाही देत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण नाकातल्या वासाच्या पेशी नव्याने उगवतात. मज्जापेशींमध्ये हे दुर्मीळ आहे. तेव्हा नेटाने करा."

चार छोट्या बाटल्या आणल्या, तळाशी कापूस, कापसावर तेलाचे थेंब. पहिले पाच आठवडे मी रोज दोनदा चार रिकाम्या बाटल्या हुंगल्या म्हणायला हरकत नाही. प्रत्येकीवर साधारण 20 सेकंद, आणि नुसतं नाक लावून चालत नाही, मनात तो वास आठवायचा असतो. लिंबू आठवताना तोंडाला पाणी सुटायचं, नाक मात्र ढिम्म. निलगिरीला काहीतरी गार टोचायचं म्हणून मी एकदा आनंदाने ओरडले. तोही वास नव्हता. तो गारवा कळवणारी चेहऱ्याची नस वेगळी, ती शाबूत होती.

त्या काळात कंपूला रामराम ठोकायचं मी ठरवलंच होतं. वास नाही, चव नाही, मग पैसे भरून गिळायला कशाला जायचं? दादांना फोन केला. ते म्हणाले, "जीभ आहे ना? दात आहेत? कान आहेत? मग ये आणि जे कळेल ते लिही. खोटं लिहू नकोस म्हणजे झालं."

"दादा, तुम्हाला बोलायला काय जातंय," मी म्हटलं. पण गेले.

मला वाटलं होतं, चिठ्ठी कोरी राहील. राहिली नाही. वास गेल्यावर बाकीच्या गोष्टी किती मोठ्याने बोलायला लागतात, हे अनुभवल्याशिवाय पटायचं नाही. भात शितं सुटी की गिच्च, हे पूर्वी मी एका शब्दात उडवायची. आता दाताखाली प्रत्येक शीत मोजत होते. सॉस जिभेवर तेलकट पापुद्रा ठेवतो की घसरून जातो. ताटही गरम आलं, की पदार्थ गरम आणि ताट थंड. तिखट तर मला इतरांइतकंच लागत होतं, कारण मिरचीचा झणका ही चव नव्हेच, ती भाजल्याची कळ आहे. उष्णतेने चटका कळवणारा जो ग्राहक, म्हणजे पेशीवरचा संवेदना टिपणारा रेणू, तोच मिरचीने चाळवतो. तो 1997 साली सापडला आणि त्या कामासाठी डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. दोन महिने मी ज्याला "चमचमीत" म्हणत होते, ती निव्वळ वेदना होती. मजा आली, खोटं कशाला बोलू.

आणि कुरकुरीतपणा. तो कानाने खायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. 2004 साली झाम्पिनी आणि स्पेन्स या दोघांनी लोकांना बटाट्याचे वेफर्स खायला देऊन चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला होता. आवाज मोठा, टोकदार केला की तेच वेफर्स लोकांना जास्त ताजे वाटले. एका हॉटेलात तळणीची थाळी आली आणि सगळे तुटून पडले. मी एक तुकडा चावला, ऐकला, उलटा करून परत चावला. वरची बाजू कडक्, खालची बाजू मुकी. चिठ्ठीवर लिहिलं: "तळलंय चांगलं, पण झाकून ठेवलं होतं. खाली वाफ धरली आहे." वहिनी म्हणाल्या, "काहीतरीच, मस्त लागतंय." म्हणून वाढणाऱ्या पोराला विचारलं. तो ओशाळून म्हणाला, "ताई, दोन टेबलांचं एकदम काढलं होतं, तुमचं पाच मिनिटं झाकून होतं." त्या रात्री मी नाकाशिवाय जिंकले.

चौथ्या महिन्यात गुलाब आला. म्हणजे पुसट, भिंतीपलीकडून यावा तसा. मी दिवसभर तरंगत होते. आणि पुढच्याच आठवड्यात कॉफीचा डबा उघडला तर आतून जळक्या रबराची आणि कुजक्या कशाची तरी घाण आली. डबा खिडकीबाहेर टाकायचा बाकी ठेवला होता. मग कांदा तसाच, लसूण तसाच, भाजलेलं काहीही तसंच. नाकात वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात, आणि एकेका वासाला त्यांतले बरेच एकदम वाजतात. ते सगळे एकाच वेळी परत येत नाहीत. पेटीच्या निम्म्या पट्ट्या उपटून ओळखीचं गाणं वाजवलं तर काय होईल, तसं हे. कॉफी-कांदा-लसणातल्या गंधकयुक्त रेणूंचा वास अगदी कणभरानेही जाणवतो, त्यामुळे बिघाड तिथे सगळ्यांत आधी दिसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बरं होण्याच्या वाटेवर बऱ्याच जणांना होतं." वाट फार घाण होती.

त्या महिन्याच्या जेवणाला मी हॉटेलच्या दारापर्यंत पोचले. आत कुणीतरी कांदा परतत होतं. मी तशीच मागे फिरले आणि बाहेर पायरीवर बसले. शाळेपासूनची मैत्रीण माझ्याबरोबर बाहेर आली, तिने साधा थंड भात आणि दही आणून दिलं, आणि ते मी तिथेच पायरीवर खाल्लं. चिठ्ठी दिली तीही तिथूनच: "आज माझं मत धरू नका."

या चिठ्ठीवरून कंपूत भांडण झालं, आणि चांगलं भांडण झालं. दादा म्हणाले, असं म्हणायला हिला आजारी पडावं लागलं, पण आपण तरी दर वेळी धड असतो का? कुणी उपाशी आलेला असतो, कुणाची रात्रीची झोप झालेली नसते, कुणी घरून भांडून आलेला. मैत्रीण म्हणाली, त्या स्पीकर लावलेल्या हॉटेलात सगळ्यांनीच "आळणी" लिहिलं होतं, आठवतंय? आठवत होतं. आवाज मोठा असला की गोड-खारट फिकं लागतं, असे प्रयोग झालेले आहेत. त्या दिवसापासून चिठ्ठीच्या डोक्यावर एक ओळ आली: "आज मी." आज मी: भुकेली, सर्दी नाही, साहेबांची बोलणी खाऊन आले. मग खाली जेवणाबद्दल. शेजारचे काका अजून ती ओळ भरत नाहीत. "मी नेहमी उत्तमच असतो," म्हणतात. त्यांच्या चिठ्ठीला आम्ही निम्मेच गुण धरतो, हे त्यांना माहीत नाही.

सातव्या महिन्यापर्यंत कांदा माणसात आला. कॉफी अजून थोडी संशयास्पद होती. एका दुपारी मी एकटीच त्या पहिल्या हॉटेलात गेले, ज्याची मी गावभर बदनामी केली होती. तेच सूप मागवलं. वाफ आली तेव्हा चमचा न उचलता आधी नुसती बसून राहिले. सुरुवातीला नुसतं ऊबदार. मग दुसऱ्या चमच्याला घशामागून काहीतरी वर आलं, गोडसर, जरा बधिर करणारं, रोजच्या ओळखीचं. लवंग! गेले सात महिने रोज दोनदा जिच्यापुढे नाक घासलं ती लवंग.

वाढणाऱ्याला बोलावून मी ऐटीत म्हटलं, "सूपमध्ये लवंग आहे ना?" तो आत गेला, आचाऱ्याला विचारून आला. "नाही मॅडम. लवंग घालत नाहीत. शेवटी बेसिलची पानं पडतात."

पचका झाला. पैसे दिले, तिथल्या मालकांना मागच्या वेळचं सगळं सांगून माफी मागायचं मनात होतं, तेही राहिलं. त्यांना बिचाऱ्यांना मी कोण हेही माहीत नव्हतं. "सूप फार छान होतं," एवढंच म्हणून आले. ज्या दोन कुटुंबांना थांबवलं होतं त्यांना मात्र त्याच संध्याकाळी फोन केले.

लवंग डोक्यातून जाईना म्हणून रात्री शोधत बसले. लवंगेला लवंगेचा वास देतं ते युजेनॉल. आणि हे युजेनॉल आणखी कशात असतं? बेसिलच्या पानात.

पुढच्या जेवणाला मी हे सगळ्यांना सविस्तर ऐकवलं, दोनदा. आचाऱ्याने काय घातलं ते मला कळलं नसेल, पण रेणू बरोबर ओळखला, यावर मी भर दिला. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं, आपली चिठ्ठी सरळ केली आणि वहिनींकडे वळून म्हणाले, "आलं बरं का हिचं नाक. लागली परत कांदे सोलायला."