एर्मेसचा टाका: घोड्याच्या साजापासून हँडबॅगपर्यंत

एर्मेस या फ्रेंच फॅशन घराण्याच्या बॅगेच्या किमतीवर भरपूर बोललं जातं, शिवणीकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. या घराण्याचा खरा इतिहास त्या शिवणीत आहे.

१८३७ मध्ये तिएरी एर्मेसने पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवायला सुरुवात केली. धावत्या बग्गीचा पट्टा उसवला तर जिवावर बेतायचं, म्हणून टाका खोगीर शिवणाऱ्यांचाच.

त्यासाठी मधमाशीच्या मेणातून ओढलेला एकच लिननचा दोरा लागतो, शिवणीच्या साधारण चौपट लांब, दोन्ही टोकांना सुई ओवलेला. आरीने तिरकं भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून काढायच्या. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते. मशीनच्या शिवणीत दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की ती सुटू लागते. हातशिवणीतही चुका होतात. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यातच घुसली तर टाका आवळता येत नाही, सुयांचा क्रम मध्येच बदलला तर तिरकी रेघ बिघडते, मेण कमी पडलं तर दोरा पिंजतो.

१८८० मध्ये दुकान फोबूर सेंट-ऑनोरे रस्त्यावर, २४ क्रमांकात आलं. आजही तिथेच आहे. मोटारी आल्यावर साजाची मागणी घटली आणि हाच टाका प्रवासी बॅगांवर, मग हँडबॅगांवर आला. १९८४ च्या बर्किन या हँडबॅगवरही शिवण तीच, हाताची.