कासरा, कलेजी आणि भडंग

घरात तीन खोल्यांपलीकडं भडंगाची पुडी फोडली तर आमच्या बंड्याला ऐकू येतं. पाण्यात उतरला की मात्र पाच फुटांवरून मारलेली हाक ऐकू येत नाही. मी एकदा खरंच डॉक्टरांना म्हटलं, याचे कान बघता का? त्यांनी टॉर्च लावून दोन्ही कान बघितले आणि म्हणाले, "कान उत्तम आहेत. तुमच्या हाकेत त्याच्या फायद्याचं काही नसतंय, एवढंच."

बंड्या चार वर्षांचा पिवळा लॅब्रॅडोर. वजन ३४ किलो, त्यातले चार आमच्या सासूबाईंच्या प्रेमाचे. या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडं कामाला असायचे, बर्फगार पाण्यात उड्या मारून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. बोटांच्या मधे कातडीचा पडदा, पाणमांजरासारखी जाड शेपूट, अंगावर तेलकट केसांचा डबल कोट. एवढा सरंजाम घेऊन जन्मलेल्या जिवाला कृष्णामाई दाखवायची आणि "बस" म्हणायचं, यात चूक कुणाची?

तरीपण बसायलाच हवं. कारण आम्ही सांगलीत राहतो आणि इथल्या नदीत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज ही नदीकाठच्या गावांची नावं आमच्याकडं पेपरात मगरीच्या बातमीसोबतच यायची सवय झालीय. थंडीत सकाळी मगरी मळीला, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, ऊन खात पडतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिलं बाहेर येतात, त्या दिवसांत मादी जास्तच तापट असते. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण एका जानेवारीत माझ्या पोटात गोळा आला होता.

हरिपूरला संगमावर गेलो होतो. कृष्णा-वारणा एकत्र येतात तिथलं ते कोवळं ऊन, घाट, देऊळ. नवऱ्याला बंड्याचा फोटो हवा होता, आणि फोटोत साखळी नको होती. अर्धं मिनीट, असं म्हणून मी हुक सोडला. अर्ध्या मिनिटात बंड्या नदीच्या मधोमध.

मग मी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते. बंड्या ये. बंड्याऽऽ, ये इकडं. बिस्कीट देते ये. येतोस का येऊ मी? नवरा टाळ्या वाजवतोय, मी ओढणी हलवतेय, आणि बंड्याला वाटतंय काठावर आपल्यासाठी जत्रा भरलीय. तो मान वळवून बघायचा, खूश व्हायचा आणि आणखी लांब जायचा.

खालच्या पायरीवर एक म्हातारे मामा जाळं सोडवत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "ताई, वरडू नका. तुमी वरडताय तवर त्येला कळतंय तुमी हितंच हाय. पाठ फिरवा आन् चालाय लागा."

पोटच्या पोराला पाण्यात टाकून पाठ फिरवल्यासारखं वाटलं. पण फिरवली. वीस-बावीस पावलं मोजली असतील, मागून नखांचा खडखड आवाज आला आणि ३४ किलोचा ओला गठ्ठा माझ्या पिंढऱ्यांवर आदळला. मी मामांचे आभार मानायला वळले, तर ते जाळ्याच्या सुईनं घाटाच्या शेजारचा गाळ दाखवत होते. गाळात नांगर फिरल्यासारखा एक गुळगुळीत पट्टा पाण्यात उतरत गेलेला, दोन्ही बाजूंना पंजे उमटलेले. "पोटाचा माग हाय त्यो. पाटंचा." एवढंच बोलले आणि परत सुईत दोरा घालायला लागले.

त्या दिवसापासून नदी बंद. कायमची.

पण पाणी बंद केलं तर बंड्या घरातली बादली उलथी करतो, म्हणून पर्याय शोधणं आलं. दिरांच्या शेतात शेततळं आहे, सगळ्यांनी तेच सुचवलं. बघायला गेले आणि घाबरून परत आले. शेततळ्याला आत जाड प्लॅस्टिकचा कागद असतो, ओला झाला की शेवाळानं काचेसारखा होतो. आत पडलेलं जनावर बाहेर यायला पाय टाकतं आणि घसरतं, परत टाकतं, परत घसरतं, आणि पोहता येत असूनही दमून बुडतं. माणसंही अशीच गेलीत. दिरांची काळजी वेगळी होती: नखांनी कागद फाटला तर? त्यांच्या काळजीमुळं माझी काळजी बोलायची गरजच पडली नाही. कॅनॉलचा तर विषयच नको, उतरायला जागा आणि चढायला भिंत.

शेवटी मिरजेच्या पूर्वेला एक पाझर तलाव सापडला. मुरमाड उतार, संथ पाणी, म्हशी डुंबतात. म्हशीवाल्यांना तीनतीनदा विचारून खात्री केली की इथं मगर कधी कुणी बघितली नाही.

आणि बाजारात जाऊन कासरा आणला, पन्नास फुटी. दुकानदारानं विचारलं, बैल कुठला? सुती नको, भिजला की जड होतो. नायलॉनचा घ्यायचा, पण हातमोजे घालून, नाहीतर तळहाताची साल निघते (पहिल्याच रविवारी निघाली). कासरा गळपट्ट्याला कधीच बांधायचा नाही, अंगात घालायच्या हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला बांधायचा. मोकळ्या टोकाला गाठ किंवा फास ठेवायचा नाही, पाण्याखालच्या बाभळीत अडकला तर जिवावर बेतेल.

खरी भानगड मात्र शब्दाची होती. डॉक्टर म्हणाले ते मला संगमावर कळलं होतं, पण नीट उमगलं घरी येऊन. चार वर्षं मी त्याला पाण्यातून "ये" म्हणत होते आणि आला की हुक लावून गाडीत घालत होते. त्याच्या डोक्यात "ये" चा अर्थ "खेळ संपला" असा पक्का बसलेला. कोण येईल?

म्हणून तो शब्दच टाकून दिला. नवीन शब्द घेतला: भडंग. नाहीतरी त्या पुडीला तो धावतोच. (भडंग त्याला देत नाही हां, त्यात लसूण असतो, कुत्र्यांना वाईट. उकडलेली कलेजी देते. ज्या घरात अंडं गच्चीवर खाल्लं जायचं, त्या घराच्या फ्रीजमध्ये आता कलेजीचा डबा असतो, आणि तो भरायची आठवण सासूबाई करतात.) आधी घरात, मग जिन्यात, मग गल्लीत, असं महिनाभर. मग तलावावर, कासऱ्यासकट. भडंग म्हटलं, आला, कलेजी दिली, आणि लगेच "जा पाण्यात". दहादा बोलवायचं, त्यातल्या नऊ वेळा परत सोडायचं. येण्यानं पाणी संपत नाही हे त्याला पटायला सहा रविवार गेले. आणि माझा नियम एकच: येईल असं वाटत नसेल तर हाक मारायचीच नाही, गुपचूप कासरा गोळा करायचा.

मधे एकदा शेपूटच गेली. तासभर पोहून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट मुळापासून लुळी, दोरी लोंबावी तशी. हात लावला की कळवळायचा. मला वाटलं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पोहताना शेपूट सुकाणूसारखी वापरतात, स्नायू दमलेत. गोळ्या, विश्रांती, आणि पाचव्या दिवशी चहाचा कप टीपॉयवरून उडाला तेव्हा कळलं बरी झाली. तेव्हापासून वीस मिनिटं झाली की बाहेर, कान कोरडे करायचे, थोडं फिरायचं, मग परत.

गेल्या रविवारी म्हशींचा अख्खा कळप तलावात उतरला आणि बंड्या त्यांच्यात. काळ्या पाठींमधे एक पिवळं डोकं. कासरा दोन म्हशींच्या मधून गेलेला, ओढायची सोय नाही. छाती धडधडत होती, पण आवाज शक्य तेवढा लाडिक काढून मी ओरडले, "भडंऽऽग!"

तलावाच्या बांधावरून म्हशीवाल्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू धावत आला. "कुठाय काकू?"

बंड्या त्याच्या मागोमाग आला. दुसरा नंबर. आता पिशवीत कलेजीसोबत खऱ्या भडंगाची पुडीही ठेवावी लागते.