ओट्याचा दगड चुन्याचा की आगीचा?

दगडी फरशीवर कोणतंही क्लीनर ओतण्याआधी तो दगड कुठल्या कुळातला आहे ते बघावं. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे प्राचीन समुद्रात थरावर थर साचून झालेले चुनखडीचे दगड. थर आहेत म्हणून तर त्यांच्या पातळ लाद्या सुटतात. मकराण्याचा संगमरवरही मूळचा चुनखडीच, फक्त जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिक नव्याने जुळले. ग्रॅनाइट मात्र आगीचा, खोलवर तप्त शिलारस सावकाश थिजून तयार होतो. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा डोलेराइट किंवा गॅब्रो या वेगळ्या जातीचा असतो. पण तोही आगीचाच.

ओळखायचं कसं? न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब टाका, दोन मिनिटांनी पुसा. चकाकी गेली तर दगड चुन्याचा. पॉलिश नसलेल्या लादीवर सुरीचं टोक ओढा: चुनखडीला चरा पडतो, ग्रॅनाइटवर सुरीच्याच लोखंडाची राखाडी रेघ उठते.

कडप्प्याच्या ओट्यावर चिंच, कोकम किंवा ताक सांडलं की जे फिकट वर्तुळ राहतं, तो डाग नसतोच. तिथला दगड आम्लात विरघळलेला असतो, त्यामुळे घासून काही होत नाही. पॉलिशवाला बोलावून डायमंड पॅडने, जाड ग्रिटपासून (खरखरीत दाण्यापासून) बारीककडे जात, तेवढा भाग पुन्हा घासून घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो नव्या घरातला 'ॲसिड वॉश'. फरशीवर सांडलेलं सिमेंट काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड ओततात. सिमेंटमध्येही चुना, लादीतही चुना, ॲसिड दोन्ही खातं. सिमेंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायला वेळ लागतो, पण लादी वाचते. संडास-बाथरूमच्या लिक्विडमध्येही बहुधा हेच ॲसिड असतं.

रोजच्यासाठी आधी कोरडा झाडू, कारण वाळूतला क्वार्ट्‌झ संगमरवरापेक्षा खूप कठीण आणि पुसताना तोच ओरखडे काढतो. मग पाच लिटर पाण्यात चमचाभर सौम्य भांड्यांचं लिक्विड, नंतर साधं पाणी, आणि शेवटी कोरडं फडकं.

तेलाचा डाग दगडात मुरतो, तो ओढून काढावा लागतो. खाण्याच्या सोड्याची पाण्यात घट्ट लेपी करून पाच-सहा मिलिमीटर जाड थापा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटवा, 24 तास ठेवा. मग प्लास्टिक काढून लेपी पूर्ण वाळू द्या. वाळतानाच ती तेल ओढते. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. हळदीवर मात्र सोडा नको, हळद सोड्यासारख्या अल्कलीत लालसर होते. पांढऱ्या दगडावर हळदीसाठी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन ठेवावं. काळ्या दगडावर ते वापरू नये, रंग फिका पडू शकतो.

सीलर, म्हणजे दगडात डाग मुरू न देणारा द्राव, लावायचा का, हे पाण्याचा थेंब सांगतो. दहा मिनिटांत खाली काळपट ओल दिसली तर हवा. दगडाच्या आत मुरणारा सीलर घ्या, लादी पूर्ण वाळल्यावरच लावा आणि वर उरलेला डब्यावर लिहिलेल्या वेळेत पुसून काढा. राहिला तर धुरकट पापुद्रा बसतो. सीलरने तेल-हळद मुरायला वेळ लागतो, लिंबापासून मात्र चुन्याचा दगड वाचत नाही. खोबरेल चोळून कडप्पा काळाभोर दिसतो खरा, पण तो चिकटपणा धूळ धरून ठेवतो.